स्वरदाच्या हातावर वाढलेला स्लॉपी जो

हॅमिल्टन, मंगळवार

तीर्थस्वरूप शकुमामी,

इथूनच वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, मामांनी साखर सोडली का, हे विचारायच्या आधीच सांगतो: आज संध्याकाळी स्वरदाने प्लेटवर हात आडवा धरला, त्या क्षणी माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं. आणि त्याला जबाबदार तू आहेस.

स्वरदा म्हणजे तीच, तुझ्या खालच्या मजल्यावरची, इथे नर्स आहे ती, जिच्याबरोबर तू मला गोडा मसाला पाठवलास. मसाला कधीच संपला, मी मात्र त्याबद्दल थँक्यू म्हणायला तिला अजून फोन करतो. (कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा तू म्हणालीस, ह्याला कशातच चिकाटी नाही. ही घे चिकाटी.) आज तिची ड्यूटी लवकर संपणार होती, म्हणून जेवायला बोलावलं. मी दिवसभर 'ते रापा' नावाच्या इथल्या भागातल्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, तेव्हा पदार्थ सोपा हवा, म्हणून स्लॉपी जो. कांदा, ढोबळी मिरची आणि खिमा परतायचा, त्यात टोमॅटो सॉस, मस्टर्ड, थोडी ब्राऊन शुगर घालून रटरटू द्यायचं आणि भाजलेल्या बनमध्ये भरायचं. ते ओघळतंच; ओघळलं नाही तर चुकलं, असं व्हिडिओतली बाई म्हणाली. मामी, तुझी शपथ, झकास जमलं होतं! पहिल्या घासाला स्वरदा डोळे मिटून 'स्वीट ॲज' म्हणाली (म्हणजे इथलं फर्स्टक्लास).

मग म्हणाली, क्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलातून ऑफर आलीय, उद्या उत्तर द्यायचंय. 'जाऊ नकोस' म्हणायचं सोडून मी 'अजून घे' म्हणालो आणि डाव उचलला. ती पुरे म्हणाली. आता तुझ्या घरी पुरे म्हणणाऱ्याचं काय होतं, ते तुला ठाऊक आहे. तिने हात आडवा धरला. पाहुण्याने हात धरला की तू बोटांच्या फटीतून जिलबी सारतेस. मी खिमा वाढला. तिच्या हातावर. तिथून बाहीत, बाहीतून मांडीवर. (कोमट होता, घाबरू नकोस.)

"शार्दूल, अरे आधीचा तरी संपू दे!"

"आवडलं नसेल तर सरळ सांग ना! आणि जा क्राइस्टचर्चला!"

"जाईनच! तिथे पुरे म्हटलं की पुरे समजत असतील!"

आणि ती माझी रग्बीची जर्सी घालून निघून गेली. तिचा निळा युनिफॉर्म माझ्या बादलीत पडलाय. संपलं सगळं. ह्या जन्मात पुन्हा कुणाला जेवायला बोलावणार नाही. मामांना नमस्कार.

तुझा,
शार्दूल

ता. क. जाताना उरलेला खिमा तिने डब्यात भरून नेला, हे वर लिहायचं राहिलं. रागावलेलं माणूस डबा नेतं का गं?

ता. क. आता खरं काम. तिच्या आईच्या कानावर घाल, की क्राइस्टचर्चला थंडी भयंकर, पोरीला सोसायची नाही. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. थांब, काही सांगू नकोस. आत्ताच तिचा मेसेज आला: 'डबा संपला. जर्सी हवी तर स्वतः ये. आणि काय सांगायचंय ते तोंडाने सांग, डावाने नको.' युनिफॉर्म पिळून पिशवीत घातला, डाग गेलेला नाही. पायात जँडल्स (म्हणजे इथल्या रबरी चपला) अडकवल्या. हे बाहेर उभा राहून टाइप करतोय. दार ओढून घेतलं. (किल्ली आत राहिली. राहू दे.)