माडीवरचा उमेदवार

२० जुलै २०२०, सोमवार
आजपासून कोल्हापुरात पुन्हा कडक लॉकडाऊन. गल्लीतले लोक घाबरलेत. मी नाही. मी माडीवरच्या खोलीत राहायला आलोय ते केवळ अभ्यासासाठी.
निर्णय पक्का. युरोपात एमबीए. सगळं जग घरात बसलंय, म्हणजे स्पर्धा कमी. हे गणित अजून कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. शेवटची तारीख १ सप्टेंबर. पहाटे पाचला उठणे, रोज दहा तास अभ्यास, इंग्रजीत विचार करणे.
ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९८.

२१ जुलै, सकाळी ९.४०
उठलो. इंग्रजीत विचार सुरू केला. पहिलाच विचार: आय ॲम गोइंग टु डाय. रद्द केला. उद्यापासून मराठीतच.
ऑक्सिजन ९७. ट्रेंड चांगला नाही.

२५ जुलै
जेवणाची सिस्टिम बसवली. आईनं जिना चढायचा नाही, मी खिडकीतून दोरीनं टोपली सोडतो. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही, म्हणून टोपली सहाच्या ठोक्याला वर. आदितीआक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, शाळेत इंग्रजी शिकवते. ती म्हणाली, अशी टोपली विहिरीत पडलेल्या मांजराला सोडतात. तिला व्हिजन नाही.
अण्णा, म्हणजे वडील, रोज शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर जातात. मास्क हनुवटीला. मी वरून फोन करून सांगितलं, तुमच्यामुळे माझं करिअर धोक्यात येतंय. ते बरं म्हणाले आणि गेले.

९ ऑगस्ट, रविवार
प्रवेश परीक्षा. घरबसल्या, चार ते साडेसहा. कॅमेऱ्यातून एक बाई लक्ष ठेवून. खोलीत दुसरं कुणी नको, जागचं हलायचं नाही. सहाला खिडकीवर खडा आला. आई. मग दुसरा. मग आक्कानं बांबूला टोपली बांधून वर केली आणि ती खिडकीत डोलायला लागली. बाईंनी विचारलं, ते काय आहे? मी खरं सांगितलं: डिनर. त्यांनी तीनदा समज दिली. शेवटचे नऊ प्रश्न नुसत्या आत्मविश्वासावर सोडवले.
गुण अपेक्षेपेक्षा थोडे कमी. थोडे म्हणजे बरेच. पण चांगली स्कूलं आकडे बघत नाहीत, माणूस बघतात.

१६ ऑगस्ट
अण्णा खोकले. दोनदा. जेवताना ठसका लागला असं आई म्हणते. मी खिडकी लावून घेतली.

१७ ऑगस्ट, सोमवार
अण्णा पॉझिटिव्ह.
ऑक्सिमीटर घाईत उलटा लावला, तो आकडाच दाखवेना. आपण गेलो, अशी पाच मिनिटं माझी खात्री होती.
रिक्षावाले यायला तयार नाहीत. आक्कानं दूध घालणाऱ्या आकारामला गाठलं, त्याचा टेम्पो काढायला लावला. आईनं जिन्याखालून हाक मारली, पारस, जरा धरायला ये. नेमका मी अर्ज भरत होतो. दाराच्या फटीत ओला टॉवेल लावला. पडद्याआडून पाहिलं. आक्कानं अण्णांना काखेत धरून टेम्पोत चढवलं. बसल्यावर अण्णांनी वर बघून हात केला. मागच्या गच्चीवरच्या कुणाला तरी असावा. मी पूर्ण पडद्यामागे होतो, मला कुणी पाहिलं नाही.

१९ ऑगस्ट
आई आणि आक्का निगेटिव्ह. हातावर होम क्वारंटाइनचे शिक्के, तरी आक्का रोज अण्णांचा डबा घेऊन कोविड सेंटरच्या फाटकापर्यंत जाते. मी फोनवरून मार्गदर्शन करतो.

२२ ऑगस्ट
निबंधाचा विषय: संकटकाळात तुम्ही केलेलं नेतृत्व. चार दिवस कोरा कागद. मग एकदम सुचलं. लिहिलं की वडिलांचा ऑक्सिजन ९१ वर आला, श्वास घेता येईना, रिक्षा मिळेना, मी टेम्पो मिळवला, मी त्यांना उचललं, मी सेंटरवर दाखल केलं. 'मी' म्हणजे कुटुंब, या अर्थानं. नेता कुटुंबाच्या वतीनं बोलतो.
व्याकरणासाठी आक्कालाच पाठवावं लागलं. घरात तेवढं इंग्रजी तिचंच.

२३ ऑगस्ट
निबंध परत आला. वाटलं होतं शिव्या देईल. तीन स्वल्पविराम बदलले होते आणि एके ठिकाणी लिहिलं होतं: त्या दिवशी ऑक्सिजन ९१ नव्हता, ८६ होता.
मी दुरुस्त केलं. अचूकता महत्त्वाची. त्या आकड्यानं दिवसभर जेवण गेलं नाही.

३० ऑगस्ट
अर्ज पाठवला. अण्णांचा ऑक्सिजन अजून चालूच. फोनवर बोलताना मधेच थांबतात. ते थांबले की मीही श्वास धरून बसतो. रोजच्या फोनऐवजी आता मेसेज करतो. त्यांना बोलण्याचा त्रास नको.

३ सप्टेंबर, गुरुवार
क्षमावाणी. दशलक्षणाचे दहा दिवस संपले की आमच्यात लहानथोर सगळे हात जोडून एकमेकांची वर्षभरातल्या चुकांबद्दल क्षमा मागतात. मी दरवर्षी एका क्लिकमध्ये सगळ्या ई-मेल यादीला पाठवतो: मनानं, वाणीनं, कृतीनं, कळत नकळत मी आपल्याला दुखावलं वा फसवलं असेल तर अंतःकरणापासून क्षमा करा. यंदा इंग्रजीत. फार भारदस्त वाटलं.

४ सप्टेंबर, दुपारी २
यादीत बिझनेस स्कूल होतं.
त्यांचं उत्तर: प्रामाणिकपणाबद्दल आभार. आपण आम्हाला नेमकं कुठे फसवलंत ते कळवावं.
बाथरूमला पाचदा. हा आमचा सण आहे, असं समजावणारे अकरा मसुदे लिहिले. प्रत्येकात मी जास्तच गुन्हेगार वाटतो. आक्काला मेसेज केला. तिचं उत्तर: खरं काय ते लिही की.
तिला प्रोसेस कळत नाही. बारावा मसुदा पाठवला: ही केवळ रीत आहे, प्रत्यक्षात मी कुणालाच फसवलेलं नाही.

६ सप्टेंबर, रविवार
अण्णा घरी आले. खालच्या खोलीत. आवाज लहान झालाय. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि वर तोंड करून म्हणाले, "पारस, क्षमावाणीला मी हितं नव्हतो. काय चुकलंमाकलं असंल तर क्षमा कर बाबा."
नेटवर्क नाही, असं म्हणालो. ते फोनवर नव्हतेच.
संध्याकाळी स्कूलचा मेल. निबंधातल्या प्रसंगाची खातरजमा करायला उद्या साडेपाचला वडिलांना फोन करणार. दुभाषी चालेल.
मी अण्णांना काहीही पढवलेलं नाही. हिंमतच झाली नाही.

७ सप्टेंबर, सोमवार, संध्याकाळी ७
दोन मास्क, फेसशील्ड, हातमोजे घालून पाच वाजल्यापासून जिन्यात बसलो होतो, सातव्या पायरीवर. सात आठवड्यांत पहिल्यांदा इतका खाली. साडेपाचचा फोन आला सव्वासहाला. आक्का एक एक वाक्य मराठीत करून अण्णांना विचारत होती. शेवटी तिनं विचारलं, त्या दिवशी तुम्हाला सेंटरवर कुणी नेलं?
अण्णा खोकले. मला वाटलं, श्वास लागला.
"माझ्या पोरानं," ते म्हणाले. "पारसनं."
आक्कानं ते इंग्रजीत सांगितलं. आवाज जरासुद्धा हलला नाही.
फोन संपेस्तोवर सूर्य मावळला. अण्णांचं ताट साडेपाचपासून झाकून ठेवलेलं. फोन मधेच येईल, पोराचं काम बिघडेल म्हणून ते जेवले नव्हते. आईनं विनवलं, आजारी माणसाला चालतंय. ते नको म्हणाले, पाणीसुद्धा नको.
माझी टोपली सहाला वर आली होती. मी मधेच जाऊन जेवून आलो होतो.
मला लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो.

८ सप्टेंबर, सकाळी ७.१०
उठून मेल लिहिला. चार ओळी. वडिलांना मी नेलं नाही, बहिणीनं नेलं, मी दार लावून बसलो होतो, मला भीती वाटत होती. व्याकरणाला कुणाची मदत लागली नाही. पाठवणार इतक्यात त्यांचाच मेल आला. आपली निवड झालेली नाही. कारण: परीक्षेतले गुण. कालचा फोन हा निव्वळ नियमाचा भाग, निकालाशी त्याचा संबंध नव्हता.
चार ओळी ड्राफ्टमध्ये पडून. आता त्या कुणाला पाठवायच्या?
खाली गेलो. हातमोजे विसरलो. अण्णा नाष्टा करत होते. काल दुपारनंतरचा पहिला घास. मी उंबऱ्यात उभा राहून म्हणालो की त्या दिवशी मी वरच होतो, पडद्यामागे.
अण्णांनी घास गिळला.
"ठावं हाय मला," ते म्हणाले. "हात तुलाच केलता की."
आईनं काही न विचारता माझं ताट खालीच वाढलं.