हॅलरनची खोली

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणाले. सरळ नाही!

आठ दिवस मी वाक्य जुळवत होते. आज जेवणं झाली, सुपारी झाली, सासरे जरा खुशीत दिसले. म्हटलं — मामा, केदारला बावीस तारखेला व्यसनमुक्ती केंद्रातून सोडतायत. महिनाभर वरच्या खोलीत राहू द्या. तिथले डॉक्टर म्हणतात, सुरुवातीला एकटं ठेवू नका.

"ती खोली साहेबांची हाय."

साहेब म्हणजे कोण? व्हिन्स हॅलरन! हॉलिवूडचा नट. मरून एकोणपन्नास वर्षं झाली. गेवराई हे नाव त्यानं जन्मात ऐकलं नसेल. पण आमच्या घरात त्याला स्वतंत्र खोली आहे. पडदा, प्रोजेक्टर, कात्रणांच्या वह्या आणि 'हॅलरन चाहता मंडळ, गेवराई' अशी पाटी. माझ्या सख्ख्या भावाला मात्र जागा नाही. आई-बाप असते तर मी तोंड वेंगाडलं नसतं. युसूफ वडगावच्या आमच्या माहेरच्या घराला तीन वर्षं कुलूप आहे.

"आन् दारुड्याला या घरात न्हाई," असं म्हणून मामा उठले. माझा नवरा उमाकांत मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. तसाच बसला!

५ फेब्रुवारी, बुधवार

हॅलरन कशानं मेला? दारूनं!!

हे मला मामांनीच सांगितलंय, शंभर वेळा. तीन बायका सोडून गेल्या. शूटिंगवर झिंगून यायचा, दोनदा जेलात गेला. शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटाच मेला, दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. दुकानात ब्लाऊजपीस फाडता फाडता मामा गिऱ्हाइकाला सांगतात, "लई सोसलं बिचाऱ्यानं. समजून घेणारं कुणी न्हवतं." आणि डोळे पुसतात. बाया बिचाऱ्या पिशवी घेऊन उभ्या!

समजून घेणारं कुणी नव्हतं म्हणे. मग आता घ्या की!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

राग जात नाही म्हणून लिहून काढते. हे खूळ आलं कुठून?

पंचाहत्तर साली तलवाड्याच्या जत्रेत टुरिंग टॉकीज आली होती. तंबू ठोकला, भोंगा फिरला, आणि मराठी सिनेमाच्या रिळांची पेटी आलीच नाही. मालकाकडं चुकून आलेली एका इंग्रजी सिनेमाची पेटी पडून होती. तीच लावली. माणसं पैसे परत मागायला लागली, तेव्हा टॉकीजच्या सुंदररावांनी माईक घेतला. हे सुंदरराव भोंग्यावर जाहिरात करायचे. शिक्षण सातवी, इंग्रजी शून्य. पण पडद्याशेजारी उभे राहून त्यांनी सगळी गोष्ट मराठीत सांगितली. हिरो काय बोलतो, बाई काय म्हणते, घोडं का अडलं — सगळं! सात दिवस तोच सिनेमा, आणि गर्दी रोज वाढती.

शेवटी हिरो दारू पिऊन बहिणीच्या दारात येतो. ती दार लावते. तो पायरीवर टेकतो आणि म्हणतो —

"अक्का, आत घेऊ नको. दार तेवढं उघडं ठेव. मी भाईरच बसतो."

हे वाक्य मंडळातल्या प्रत्येकाला पाठ आहे. लग्नात म्हणतात, मौतीत म्हणतात. पुढच्याच वर्षी हॅलरन मेला, पेपरात चार ओळी आल्या. तेव्हापासून तेवीस फेब्रुवारीला पुण्यतिथी! पडद्यावर तोच सिनेमा, आणि त्या वाक्याला सगळे म्हातारे ढसाढसा रडतात. माझे सासरे सगळ्यांत जास्त.

९ फेब्रुवारी, रविवार

मंडळाची मीटिंग. कुठं? आमच्याच घरी. दोनदा चहा, एकदा पोहे. तलवाड्याहून तात्याबा आले होते. त्यांच्या बैलाचं नाव हॅलरन होतं. तो बैल मेला त्याला वीस वर्षं झाली, अजून विषय निघतो.

तासभर फ्लेक्सवर भांडण. शिवजयंतीचे फ्लेक्स चौकात लागणार, आपल्याला जागा कुठं? मग मंडळातल्या बारा जणांचे फोटो कसे लावायचे? जुळवता जुळवता हॅलरनचा फोटो तिकिटाएवढा झाला.

"अबे, मयत कोण हाय? तू का तो?" सुंदरराव तात्याबांवर ओरडले. ओरडले म्हणजे कसले — घशातून नुसती हवा आली. एक्याऐंशी वय, आवाज पार गेलाय. यंदा गोष्ट सांगणं होणार नाही.

म्हणून सगळे माझ्याकडं वळले. सूनबाई शाळेत इंग्रजी शिकवतात, खाली मराठी अक्षरं आणा. आजकालच्या पोरांना कळू द्या साहेब काय बोलायचा!

मी हो म्हणाले. का म्हणाले? वाटलं, मामा खूश होतील, खोलीचं परत विचारता येईल. लाचार झालेय मी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

केदारचा फोन. आठवड्याला दहा मिनिटं मिळतात त्यांना. वजन पाच किलो वाढलंय म्हणाला. तिथल्या बागेला तोच पाणी घालतो, पहाटे उठतो. हात थरथरत नाही आता, सुईत दोरा ओवून दाखवला म्हणे सगळ्यांना!

मग हळूच — "अक्का, माझं काही जमलं का?"

"बघते," म्हटलं.

दहा वेळा हेच म्हणतेय. बघते, बघते. काय बघते मी?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बारावीच्या परीक्षेची ड्युटी करून आले आणि सिनेमा लावून बसले. कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य उतरवत होते. हसून हसून मेले! सुंदररावांनी सांगितलेलं एक अक्षर त्यात नाही. आई मेली म्हणून रडतो म्हणायचे, तो जुगारात हरलेला असतो. जिला बायको म्हणायचे ती खानावळीची मालकीण आहे.

आणि ते दार! मी तीनदा मागं नेऊन ऐकलं. हॅलरन म्हणतो, "मी माझा घोडा न्यायला आलोय. परत त्रास देणार नाही." बस्स. बहीण नाही, दार उघडं ठेव नाही, काही नाही! घोडा पाहिजे होता त्याला, घोडा!

पन्नास वर्षं हे लोक नसलेल्या वाक्यावर रडतायत. आणि माझा भाऊ खरंच दारात यायचं म्हणतोय, तर खोली रिकामी नाही.

आता मी जे आहे तेच लिहिणार. अक्षरन् अक्षर खरं. बघू दे सगळ्यांना!

१५ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंना सांगितलं. शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "कळलं ना तुला? मग गप बस."

यांना आधीपासून माहीत आहे की काय?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भांडले. अठरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांशी तोंड वर करून भांडले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, मामा, चारच दिवस राहिले. ते कापडाचा गठ्ठा सोडत होते, वर बघितलं नाही. "दारुड्याच्या बोलण्यावर जाऊ नको. तो आज सुधारला म्हणतो, उद्या तुझी भांडी विकंल."

"तुमचा हॅलरन आत्ता दारात आला तर? त्याला पण हेच सांगाल?"

बोलून गेले! त्यांच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. टोपी काउंटरवर विसरून भर उन्हात बाहेर पडले. उमाकांत मलाच म्हणतो, "कशाला बोललीस?" तू बोलला असतास तर मला बोलावं लागलं नसतं, हे त्याला कोण सांगणार!

२० फेब्रुवारी, गुरुवार

केदारला सांगितलं, इकडं येऊ नको. थोडे दिवस कुठंतरी बघ, मग करते काहीतरी.

"बरं," म्हणाला. नुसतं बरं! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुठं जाशील, हे विचारायच्या आत दहा मिनिटं संपली.

मी पण दार लावलंच की. मामांना कुठल्या तोंडानं बोलते?

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सुटला. दुपारपासून फोन बंद. अकरा वेळा लावला.

चौकात फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हॅलरन हसतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन बंदच. केंद्रात विचारलं तर म्हणाले, काल दहालाच पिशवी घेऊन गेला. तशीच कार्यक्रमाला गेले. न जाऊन करते काय, अक्षरं माझी होती!

वाचनालयाच्या हॉलमध्ये चारला सुरू. हार, नारळ, उदबत्ती. पन्नास-साठ माणसं, काही तर काठी टेकत आलेली. माजलगावहून एक आजोबा नातवाच्या मोटारसायकलवर आले होते. मला म्हणाले, "साहेबांचं तोंड बघितलं की वरीस बरं जातं."

सिनेमा सुरू झाला. खाली माझी मराठी अक्षरं. जुगार आला, खानावळ आली. हॉलमध्ये कुजबूज. तात्याबा मोठ्यानं म्हणाले, "हे काय भलतंच?" मला बरं वाटत होतं, खोटं का लिहू! मग ते दार आलं. अक्षरं उमटली — मी माझा घोडा न्यायला आलोय. परत त्रास देणार नाही.

सुंदरराव खुर्ची धरून उभे राहिले. त्यांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. फाटक्या आवाजात सुरू केलं, "अक्का, आत घेऊ नको..." आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर म्हणायला लागला! माझ्या अक्षरांकडं कुणाचं लक्ष नाही. रडले, नाकं पुसली, टाळ्या वाजवल्या. इतकी तणतणत केलेली माझी मेहनत पार मातीत गेली.

एकटे मामा बोलले नाहीत, रडलेही नाहीत. ती अक्षरं पुसली गेली तरी तिथंच बघत होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नीट लिहिते.

सकाळी मामा स्वयंपाकघरात आले. ते कधी येत नाहीत इकडं. पाट घेऊन बसले. मी भाकरी थापत होते.

"ते वाक्य पिक्चरमधी न्हाई, मला ठावं हाय."

मी म्हटलं, मग?

"माझं हाय ते."

तव्यावरची भाकरी करपली तरी मी उलटली नाही. त्यांची थोरली बहीण तलवाड्यात दिली होती. मामा तेव्हा चोवीस वर्षांचे, आणि नुसते दारूत! मला हे घरात कुणी कधी सांगितलं नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी ते तिच्या दारात पडले होते. आधी तिची भांडी विकलेली. तिच्या लेकराच्या हातातलं चांदीचं कडं विकलेलं. तिनं कडी लावली. तेव्हा ते हे बोलले. सोबत पिणारे सुंदरराव होते, त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी माईकवर हॅलरनच्या तोंडी घातलं. "म्हणला, मला इंग्रजी येईना बे, तुझंच घातलं."

"आणि अक्का?"

"बायकांत बसायची. सातीच्या साती दिवस आलती. पदर तोंडाला लावून ऐकायची."

"मग उघडलं दार?"

"न्हाई. तिचं काय चुकलं? उघडलं असतं तर मी आणखी काय तरी विकलं असतं. मंग साहेब दारूनं मेला. पेपर वाचून मी सोडली. पर तिच्याकडं कोणत्या तोंडानं जाऊ? गेलो न्हाई. ती गेल्यावरच आत गेलतो त्या घरात."

ही सगळी वर्षं मला वाटायचं, हे कुणा गोऱ्या माणसासाठी रडतात. "अक्का" तर आमच्यातलंच बोलणं. सुंदररावांच्या घरात ताई म्हणतात. माझ्या कसं लक्षात आलं नाही?

"तुझ्या भावाला बघितलं का मला मी दिसतो. म्हणून नको म्हणलं," मामा म्हणाले. "सुटला का तो?"

"शनिवारीच सुटला. मीच येऊ नको म्हणाले. फोन लागत नाही."

मामा पाटावरून उठलेच नाहीत. मी करपलेल्या भाकरीसमोर हुंदके देऊन रडले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. मामा आज देवळात गेले नाहीत. पहाटेच उमाकांतला उठवलं, मला न सांगता गाडी काढली, आणि "असला तर सवताच्या दाराशीच असंल" म्हणत माझ्या माहेरी युसूफ वडगावला गेले. केदार आमच्या कुलूपबंद घराच्या ओट्यावर होता. चार दिवस तिथंच. प्यालेला नाही.

आत्ता मामांचा फोन आला. "निघालो आमी. वरच्या खोलीचं दार उघडं ठेव."

ठेवलंय.