अनवाणी पेल्की

३ एप्रिल, सकाळी ७
अंगणातला पक्ष्यांच्या दाण्यांचा डबा आडवा. लोखंडी खांब वाकलेला. दाणे गायब. मार्लिस म्हणते, अस्वलं उठली असतील. अख्खं व्हर्माँट मार्च संपता संपता डबे उतरवतं, तूच तेवढा शहाणा. बायको मुळातच भाबडी. हे काम शेजारच्या पेल्कीचं. माझ्याकडे लाल कार्डिनल पक्षी येतात, त्याच्याकडे नुसते कावळे.

४ एप्रिल
नवा डबा टांगला. सूर्यफुलाच्या बिया दुप्पट. खाली पीठ पसरलं. ठसे मिळणारच.

५ एप्रिल
पीठ चाटूनपुसून साफ. कडेला एकच ठसा. रुंद पाऊल, पाच बोटं, वाढलेली नखं. म्हणजे पेल्की अनवाणी आला होता. चलाख!

६ एप्रिल
पाय बघायला पेल्कीकडे गेलो. मोजे घातले होते. मुद्दामच. मी विषय काढायच्या आतच म्हणतो, अरे ऑरिन, अस्वलाची मादी आहे, दोन पिल्लं आहेत. तुझ्या खाऊला सोकावली तर घरात शिरेल, मग गोळी खाईल बिचारी. काढ बाबा तो डबा.
चोराला एवढी माहिती कुठून?

८ एप्रिल
निर्धार : रंगेहाथ पकडायचा. बाहेरच्या ओट्यावर पॅनकेक ठेवणार, वर मेपल सिरप. पेल्कीला गोड फार. मार्लिस म्हणाली, तुझ्यापेक्षा अस्वल बरं, निदान हिवाळाभर झोपतं तरी. दुर्लक्ष केलं.

९ एप्रिल, सकाळी ११
आठ वाजता "सापडलास!" असं ओरडत सपाता घालून बाहेर धावलो. पॅनकेकवरून डोकं वर झालं. पेल्कीचं नव्हतं.
पिल्लं सरसर झाडावर. मादीने दात वाजवले, पंजे आपटले. अशा वेळी पळायचं नसतं, हे मला माहीत आहे. मी फक्त झपाट्याने लाकडांच्या शेडमध्ये गेलो.
मागोमाग आलेली मार्लिस अंगणातच राहिली.
कुंपणापलीकडून पेल्कीचा शांत आवाज : "मार्लिस, पळू नकोस गं. पाठ फिरवू नको. हळूहळू मागे सरक, दार तिथेच आहे." ती आत पोचली. बऱ्याच वेळाने मादी पिल्लांना घेऊन रानात गेली. मग पेल्कीने शेडवर टकटक केलं. कडी आतूनच होती. मीच लावलेली, तरी निघेना.

१० एप्रिल
डबा, बिया, कचऱ्याचं पिंप, सगळं आत. वनखात्याच्या वॉर्डनबाई आल्या. म्हणाल्या, आता पुन्हा कुणाच्या दारात खायला आली तर मारावीच लागेल तिला. मग त्यांनी विचारलं, ही चूक कुणाची?
मी बुटांकडे बघत राहिलो.
पेल्की म्हणाला, "आमची."
यात त्याचा काय डाव असावा? दुपारभर विचार केला. काही सापडलं नाही.