मावशींनी मावशींनाच दिलेले निवेदन

आदरणीय फाकामिले मामा यांस,

सविनय नमस्कार. प्रांताच्या पाणीखात्यातील अधिकाऱ्यास भाचीने परस्पर पत्र लिहावे, हे धार्ष्ट्यच, क्षमा असावी. तुरुंगात दगड फोडून दुखावलेला आपला गुडघा कसा आहे? आम्ही सर्व कुशल आहोत. उणीव आहे ती फक्त नळाची.

थोझामा मावशी नगरसेविका झाल्या, तेव्हा आता गल्लीत पाणी येणारच, अशी आमची खात्री होती. प्रिटोरियाच्या गोऱ्या राजवटीत ज्या कचेरीच्या दारातून पोलीस त्यांना फरफटत नेत, तिथेच आता त्यांना खुर्ची आहे (ती फार मऊ असल्याने तीवर बसून राग टिकत नाही, अशी त्यांची तक्रार आहे). सभा झाल्या, ठराव झाले. नळ मात्र आला नाही. अखेर मंगळवारी शेजारच्या मामबेले आजींनी रिकामी बादली बडवली, कुणीतरी गाणे उचलले आणि मावशी, चुलीवरचे मका-घेवड्याचे पातेले तसेच टाकून, जुन्या सवयीने मोर्चाच्या अग्रभागी! निवेदन मी लिहिलेले असल्याने मीही होते (मान खाली घालून, सर्वांत मागे).

दाराशी मावशी गरजल्या, "नगरसेविकेला बाहेर बोलवा! निवेदन घेतल्याशिवाय हलणार नाही!"

पहारेकरी अदबीने म्हणाला, "बाई, त्या बाहेरच आहेत."

मग मामबेले आजी खेकसल्या, "अगं, मग जा की आत, आणि ये बाहेर! आमचे पाय दुखताहेत."

मावशी आत गेल्या, गंभीर मुद्रेने बाहेर आल्या, निवेदन स्वीकारले आणि म्हणाल्या, "लवकरच विचार करू." त्यावर गर्दीने हुर्यो केली, सर्वांत मोठा आवाज मावशींचाच होता.

घरी येऊन त्या मात्र खुर्ची सोडायची भाषा करू लागल्या. "मला दाराबाहेरचंच काम येतं गं." मी आयुष्यात प्रथमच त्यांना उलट बोलले, "मावशी, बाहेरचा आवाज ओळखणारं कुणीतरी आत हवंच ना?" सकाळी त्या कचेरीत सर्वांआधी हजर होत्या.

आपली आज्ञाधारक भाची,
सिनाझो

ता. क. नळाची मंजुरी आपल्या सहीवाचून अडली आहे, असे मावशींनी शोधून काढले.

आणखी एक ता. क. सही न झाल्यास सोमवारी मोर्चा आपल्या दारी येईल. निवेदन मी वाचणार आहे (मान वर करून वाचण्याचा सराव चालू आहे). पूर्वी पहिला सूर आपलाच असे, हे ठाऊक आहे. तरी गाणे ऐकून कृपया बाहेर येऊन मोर्चात सामील होऊ नये. सही करायला कुणीतरी आत राहायला हवे.

रवाना : गुरुवार, १४ मार्च १९९६, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.