तेजोमेघाची कड

३ मार्च

चूक माझीच. तीनदा मोजून पाहिलं – माझीच!

एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, त्यांच्यातून सुटणारे वायूचे झोत, भोवती चमकत्या वायूचा ढग, म्हणजे तेजोमेघ. संस्थेत शेजारच्या खोलीत बसते ती नवी संशोधक, आमची धाकटी; तिचं म्हणणं, झोत तेजोमेघात घुसून मंदावतात. सहा-सहा वर्षांच्या अंतराचे तीन जुने फोटो मागच्या ताऱ्यांवरून जुळवून, एकावर एक ठेवून तिने मोजलं होतं. गेल्या वर्षी एका संशोधनपत्रिकेने तिचा पेपर तपासायला नेमका माझ्याकडे पाठवला. परीक्षक कोण, हे लेखकाला कळत नाही. मी ऐटीत लिहिलं, ‘मागचे तारे अंधुक आहेत, फोटो तेजोमेघाच्या कडेवरून जुळवा. झोत मंदावत नाही.’ नापास!

आज माझ्याच कामासाठी कड तपासली. कड स्थिर नाहीच! तीही सरकतेय, झोताइतकीच मंदावतेय. तिच्यावरून मोजलं तर फरक दिसणार कुठून?

खरं सांगायचं तर तेव्हा जळफळाट झाला होता. याच ताऱ्यांवर मी दहा वर्षं घासली, आणि हिला दोन वर्षांत सापडलं!

५ मार्च

धाकटी चहा घेऊन आली. "ताई, त्या परीक्षकाने माझी पार वाट लावली हो. जूनमध्ये नोकरीची मुदत संपते. पेपर नाही तर मुदतवाढ नाही."

मी म्हटलं, "असतात काही लोक खडूस."

असतात काही लोक! जीभ कशी झडली नाही माझी!

६ मार्च

सांगितलं नाही.

९ मार्च

नवरा म्हणाला, "चेहरा असा का? कुणाचा खून केलास की काय?" हसायला गेले आणि रडूच फुटलं. सगळं सांगितलं. म्हणाला, "मग जा की, सांग तिला. चार शिव्या घालेल, खाणार थोडीच आहे!" ह्याला काय जातंय बोलायला. पण बोलला ते बरोबरच.

१२ मार्च

ठरलं. उद्या तिला, मग संपादकांना. आकडे छापून ठेवलेत.

१३ मार्च

मी तोंड उघडायच्या आत तिने मिठीच मारली. "ताई, पेपर मान्य झाला! दुसरीकडे पाठवला होता, कुणाला बोलले नव्हते – पुन्हा नापास झाला असता तर! त्या परीक्षकाने सांगितलं तसं कडेवरून जुळवलं. झोत मंदावत नाहीच हो, मीच चुकले होते." मुदतवाढही मिळाली.

मी म्हटलं, "अभिनंदन."