दुपारच्या झोळीपुरती जाग

शुक्र. ३ फेब्रु. ८९, गाणगापूर
मॉर्फीन सुरू. कमरेच्या हाडातल्या कॅन्सरसाठी, गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी दिली. अफूपासून करतात म्हणे. मी म्हटलं, "म्हातारपणी अफूबाज करता काय मला?" हसले. "दुखण्यासाठी घेताय आजी, नशेसाठी न्हाई. घड्याळ बघून घ्या. दुखायची वाट बघत बसू नका."
पहिली गोळी बसमध्येच. घर येईपर्यंत दुखणं मागच्या सीटवर कुठंतरी बसून राहिलं. किती दिवसांनी खिडकीतून शेतं नीट बघितली. करडई फुललीय.

रवि. ५
झोप, झोप. स्वप्नात संगम. पाण्यावर आडवी पडलेय, ऊन पापण्यांवर. स्वयंपाकघरातून कुणीतरी हाक मारायलंय, मी आले आले म्हणतेय आणि जात मात्र न्हाई.
पोट गच्च. हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुमननं (सूनबाई!) एरंडेल पाजलं. शी.

मंगळ. ७
घात झाला. दुपारची भिक्षा चुकली. उठले तर ऊन भिंतीवरून उतरलेलं.
या गावात दुपारी महाराज स्वतः झोळी घेऊन फिरतात, कुठल्या रूपात ते कुणी सांगावं? म्हणून दारी येईल त्याला भाकरी घालायची. सासूबाईंनी हे काम माझ्या हाती दिलं, तेव्हापासून बाळंतपणं सोडली तर चुकवलं न्हाई. आज सुमननं वाढली. तिचं तिला पावलं. माझं काय?
वरच्या खोलीत उतारू म्हणून आलेल्या उदगीरच्या बाई गुडघे धरून आल्या, "एक गोळी मलाबी द्या की." मी देतच होते. सुमननं डबी ओढून घेतली. "आत्याबाई, ही काय प्रसादासारखी वाटायची चीज हाय?" त्या बाई फुगल्या. फुगू दे.

गुरु. ९
सकाळची गोळी उशीखाली. सुमनला सांगितलं, घेतली. आज गुरुवार, गावात रीघ. जागं राहायचंच.
दुपारी – उंबऱ्यात बसले. एक म्हातारा, मग दोघी मायलेकी, मग एक जटावाला. भाकरी माझ्या हातची! दात आवळून बसले, कुणाला कळू दिलं न्हाई.
आता सोसवत न्हाई. सुमन उतारूंच्या पंगतीत. सकाळची राहिलेली आणि आत्ताची, दोन्ही घेतल्या. राहिलेलं भरून निघालं.
अजून थांबेना. आणखी एक घेतली. आता जरा पाणी

मंगळ. १४
काल गुलबर्ग्याहून घरी.
मला एवढंच आठवतं: संगमाचं पाणी कोमट, गोड, वर यावंसं वाटेना. सुमन सांगते ते निराळं. ओठ निळे. हलवलं तरी ओ न्हाई. एक श्वास घेतला की दुसरा येईलसं वाटेना, ती रडत प्रत्येकाची वाट बघायची. माझ्या लेकानं, मधूनं, कुणाची तरी जीप आणली.
डॉक्टर चांगलेच तापले. "चुकली तर चुकली, पुढची वेळेवर घ्या. जोडून घेतली की श्वासच झोपतो. आणि गुंगी काही दिवसांनी ओसरते, तुम्हाला दम कामून न्हाई?"
डबी आता सुमनच्या ट्रंकेत, किल्ली तिच्या गळ्यात. मी भडकले. "मी काय चोर हाय?"
ती म्हणाली, "महाराज उद्याबी येतील. तुम्ही गेलात तर परत कोण येणार?"
दोघी रडलो. मला मरायचं न्हवतं. खरंच न्हवतं. फक्त जागं राहायचं होतं.

शुक्र. १७
गोळ्या घड्याळावर. गुंगी हाय, पण पातळ, ताकासारखी. उंबऱ्यापर्यंत चालवेना. सुमननं मधूला कामाला लावून माझी खाट दाराला आणली, भाकरीची टोपली उशाशी. उतारू अडखळतात, कुरकुरतात. ती म्हणते, "वाकून जावा." लई खट हाय पोरगी. माझ्यावर गेलीय.

रवि. १९
टोपलीवर हात ठेवून डोळा लागला. "भवति भिक्षां देहि." पापण्या उचलेनात. सुमनचा आवाज, "आत या, अशा खाटेपाशी."
बोटांना झोळीचं कापड लागलं. ओलं, गार. भाकरी घातली.
"दुखतंय का माय?"
"आत्ता न्हाई," म्हटलं. दुखत न्हवतंच.
डोळे उघडले तर दारात नुसतं ऊन. टोपलीवरचं फडकं बाजूला. "सुमे, कोण होतं गं?"
"तोंड न्हाई बघितलं, आत्याबाई. मी तुमच्या श्वासाकडं बघत होते."