बेचाळिसाव्या मिनिटातला दोष

मी, खाली सही करणार, वय अठ्ठावन्न, धंदा भुताखेतांचे जुने स्वस्तातले सिनेमे साफसूफ करून घरी बघायच्या डिस्कवर आणण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुस ठिकाणावर नाही, त्याचं ऑपरेशन परवा आहे. फिल्म धुण्याची औषधं तीस वर्षं हुंगल्यावर आणखी काय होणार! वकीलबाईंनी "फक्त मालमत्तेचं लिहा" असं दोनदा बजावलं आहे. मी मान डोलावली आहे.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. ताईला पत्रं मात्र चार लिहिली आणि चारही फाडली. मृत्युपत्राला साक्षीदार असतात, ते असं सहजासहजी फाडता येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम १. राहती खोली आणि तिला लागून असलेली कामाची खोली भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, द्यावी. बँकेत जे काही निघेल तेही तिलाच. कामाच्या खोलीला आंबूस वास येतो. फिल्म सडायला लागली की असा वास सुटतो आणि भिंतींत बसतो. मी दोनदा रंग देऊन पाहिला, गेला नाही. खिडकीची कडी आधी वर उचलावी, मग ओढावी, नाहीतर ती हातात येते.

कलम २. फिल्म तपासायचं टेबल, जोडकामाचं यंत्र आणि दोन्ही कॉम्प्युटर कॅसेटवाल्याला द्यावेत. कॅसेटवाला म्हणजे पलीकडच्या गल्लीत अठरा वर्षं भाड्याने कॅसेटी देणारा माझा मित्र. दुकान बुडालं, नाव तेवढं राहिलं. माझे पांढरे हातमोजे त्याच्या पंजात शिरणार नाहीत. त्याने उगाच ताणून ते फाडू नयेत.

कलम ३. वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिणारे एक गृहस्थ आहेत. माझ्या कामाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "कचरा एवढा घासून काय मिळवलं?" त्यांना माझ्याकडचा रबरी तुटका हात पोचता करावा. पाच सिनेमांत तो पाच वेगवेगळ्या माणसांचा म्हणून तुटला आहे. सिनेमे वाईटच होते, ते मीही म्हणतो. दहा दिवसांत उरकलेले, रक्त म्हणून बीटाचा रस, आणि ओल्या कपड्यांतली बाई दाखवल्याशिवाय भुताची एंट्रीच नाही. पण त्या ओल्या कपड्यांत माझी ताई उभी असायची, कधीकधी अंगात ताप असताना. गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं.

कलम ४. हे कलम ताईचं आहे आणि ते लांबणार आहे. वकीलबाईंनी माफ करावं.

आम्हाला वडील नव्हते. ताई एकोणिसाव्या वर्षी पडद्यावर भूत झाली ती घर चालवायला. अकरा सिनेमांत ती भूत होती आणि एकाही सिनेमाच्या नामावळीत तिचं नाव नाही. नातेवाइकांनी येणंजाणं तोडलं. आई मात्र प्रत्येक शूटिंगला तिच्यासोबत जायची, पोरगी एकटी नको म्हणून. मला सांभाळायला घरी कुणी नसायचं, म्हणून मीही जायचो. पुढं दोन वर्षांत आई गेली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. ताईच्या किंकाळ्यांवर माझं शिक्षण झालं. हे मी लाजून नाही, छाती पुढे काढून लिहितो.

मी या धंद्यात पडलो ते एवढ्याचसाठी, की ताईचे सिनेमे लख्ख करायचे आणि सुरुवातीलाच तिचं नाव घालायचं. नऊ वर्षांपूर्वी 'जिन्यातली बाई' हातात घेतला. एकेक ओरखडा काढत सात महिने गेले. बेचाळिसाव्या मिनिटाला ताई केस मोकळे सोडून जिना उतरते आणि किंकाळी फोडते. किंकाळी विरता विरता खरखरीत एक पुटपुट ऐकू यायची. पुन्हा आवाज भरायला निर्मात्याकडे दिवस उरला नव्हता, म्हणून सेटवरचाच आवाज तसाच ठेवलेला. कुणीतरी मध्येच बोललं असणार, असं मी धरलं. तो तुकडा मी शंभरदा तरी ऐकला. काय बोललंय ते कळावं म्हणून नाही, कुठून कुठवर कापायचा ते ठरवायला. मग कापला. दोषांच्या वहीत नोंद केली: "मि. ४२. बाहेरचा आवाज. काढला."

पहिली डिस्क घेऊन ताईकडे गेलो. स्वतःचं नाव पडद्यावर बघून तिने माझा कान पिळला. फार खूश झाली की ती तेच करायची. बेचाळिसावं मिनिट आलं तशी ती खुर्चीत पुढे सरकली. किंकाळी झाली, पुढचा सीन लागला.

"आई कुठंय?" तिने विचारलं.

"कुठली आई?"

"अरे, आई बोलते ना इथं. जिन्याखालून."

"तो आवाज होय? तो दोष होता गं. काढून टाकला."

ताईने टीव्ही बंद केला. "आईचा तेवढाच आवाज होता जगात," ती म्हणाली. "कॅसेट लावून मी तेवढंच ऐकायचे. आणि तुला तो दोष वाटला?" मग ती उठली, माझ्या चपला उचलल्या आणि दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तिची ती कॅसेट नमुना म्हणून मीच आणली होती. काम झाल्यावर बुरशी दिसली, फेकून दिली. प्रिंट सडत होती, तीही टाकली. साफ न केलेला आवाज कॉम्प्युटरवर होता, तो जागा करायला पुसला. काय मेली साफसफाईची सवय ही! स्वतःच्या आईचा आवाज मला ओळखू आला नाही आणि मी लोकांना सांगत फिरायचो की माझे कान तयार आहेत.

बंद पडलेल्या थिएटरांची गोदामं, भंगारवाले, गावोगावचे कॅसेटींचे ढीग, काही सोडलं नाही. आठ वर्षं त्यात गेली. मागच्या महिन्यात त्या सिनेमाची कॅसेट सापडली ती कॅसेटवाल्याच्या माळ्यावर, "घरच्या घरी व्यायाम" असं लिहिलेल्या डब्यात. माझ्या घरापासून चार मिनिटांवर! आम्ही दोघं तिथंच जमिनीवर बसून ऐकलं आणि दोघंही रडलो.

दुसऱ्या दिवशी कॅसेट आणि ती वाजवायचं मशीन काखोटीला मारून ताईकडे गेलो. भाचीने दार उघडलं. "मामा, ती आता रागावलेली नाहीये," ती हळूच म्हणाली, "पण तिला ऐकूच येत नाही रे फारसं. कानाशी जाऊन ओरडावं लागतं."

ताईने मुकाट्याने हेडफोन लावून घेतला. मी आवाज होता तेवढा वाढवला. तिने डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले.

"लागलंय का रे? मला काहीच येत नाही."

मी हो म्हणून मान हलवली. तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "मग तुला तर ऐकू आलं ना? काय म्हणते आई? सांग."

आवाज मोठा करायचा तर भोवतीची खरखर काढावी लागते, आणि खरखर काढली की तिच्याबरोबर आईही जाते. सांगायचं तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढं ओरडावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगायचं वाक्यच नव्हतं. मशीन बिघडलंय असं खुणेनं सांगितलं आणि पळून आलो. पळूनच आलो, दुसरा शब्द नाही त्याला.

कलम ५. ती कॅसेट ताईला द्यावी. तिच्यावरची धूळ, खरखर, काहीही कुणी काढू नये. दोषांची वहीही तिलाच द्यावी. त्या पानावर "बाहेरचा आवाज" खोडून मी "आई" असं लिहिलं आहे.

कलम ६. ताई, तू विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. तू केस सोडून जिना उतरलीस तेव्हा मी सहा वर्षांचा, जिन्याखाली आईच्या मांडीवर होतो. माइक आमच्या डोक्यावर टांगलेला होता. तू किंकाळी फोडलीस आणि मी भेदरून रडायला लागलो. आईने मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "घाबरू नकोस रे बाळा. भूत नाही ते. आपली ताई आहे."

तुला हे शब्द पाठ आहेत, ते माझ्यासाठी होते हेही तुला ठाऊक होतं. मला ते ऐकू आले, एवढंच तुला कळवायचं होतं. परवाची मला भीती वाटते, ताई. फार भीती वाटते.

कलम ७. या कागदावरची सगळी खाडाखोड आणि कलम सहापाशी फुटलेली शाई माझी आहे. वकीलबाईंनी याची स्वच्छ प्रत करू नये. हीच खरी धरावी.

सही: धाकटा

साक्षीदार १: कॅसेटवाला
साक्षीदार २: इमारतीचा वॉचमन

दिनांक: ९ मार्च, सोमवार, दुपारी साडेचार
ठिकाण: ताईच्या इमारतीचा जिना, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये

साक्षीदार १ चा शेरा: सही माझ्यादेखत झाली. मीच याला दंडाला धरून इथवर आणलं, पण पाऊण तास झाला, हा पायरीवर बसून आहे. वर जात नाही, खाली येत नाही. शेवटी मी वर जाऊन बेल वाजवली, याच्या भाचीने दार उघडलं. आता ताई कठड्याला धरून जिना उतरत आहेत. बहुतेक नुकत्या न्हाल्या असाव्यात, पांढरे केस मोकळेच आहेत. याने वर पाहिलं आणि हातातला पेन खाली पडला, म्हणून एवढं मी लिहिलं.